विशेषण नसलेली खुर्ची

आमच्या गोंदियाकडे दिवाळी लक्ष्मीपूजनाला संपत नाही, आणि भाऊबीजेलाही संपत नाही. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, रात्री दंडार नाही तर नाटक, आणि ज्याच्या गावची मंडई त्याच्या घरी पाहुण्यांचा पूर. माझ्यासारख्या शहरात बिऱ्हाड केलेल्या माणसाचीही त्यातून सुटका नसते. कारण गोंदिया पडले जंक्शन. पाहुणे मंडईला जाताना एक रात्र आणि परतताना एक रात्र आमच्याकडे टाकतात. तेव्हा दिवाळी जवळ आली की आमच्या घरी फराळाच्याही आधी जो प्रश्न उभा राहतो तो असा, की या मंडळींनी बसावयाचे कशावर?

घरात आसने म्हणाल तर चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक दिवाण आणि वडिलांची आरामखुर्ची. प्लास्टिकच्या खुर्च्यांपैकी एकीच्या पायाला तडा गेला आहे. ती कोणाला द्यावयाची हे पाहुण्याच्या वजनावर ठरते. राहिली आरामखुर्ची. वडील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. तिकडच्याच एका सुताराने बिजाच्या लाकडाची ही खुर्ची त्यांना करून दिली. वडील सहा फुटांना दोन बोटे कमी, पाय लांब, आणि वर्तमानपत्र दोन्ही हातांनी पसरून वाचावयाची सवय. सुताराने हे सगळे नीट पाहून घेतले असावे. कारण वडील तीत बसले की खुर्ची दिसेनाशी होई, आणि दुसरा कोणी बसला की खुर्चीच तेवढी दिसे. माझे पाय टेकतात, तर पाठ टेकत नाही. सौ. तर तीत कधी बसतच नाही. का बसत नाही, हे एकोणीस वर्षांत मी तिला विचारले नव्हते.

यंदा सौ.ने निकाल दिला, की पाहुणे येण्याआधी सोफा आलाच पाहिजे. निकालावर अपील नसते. दोघे बाजारात गेलो. एका दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत पाटी होती : ‘इटालियन मॉडर्न लक्झरी सोफा’. मी मराठीचा प्राध्यापक; पाटी दिसली की वाचावयाची आणि वाचली की तपासावयाची, ही खोड. चार शब्दांत तीन विशेषणे! मी दुकानदाराला विचारले, “यात इटालियन काय आहे?”

“डिझाइन, सर.”

“आणि सोफा कुठून येतो?”

“नागपूरहून.”

उत्तर इतके निर्मळ होते की मी पाच हजार रुपये आगाऊ देऊन मोकळा झालो. बाकीचे साठ हजार माल घरी आल्यावर.

वसुबारसेच्या संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला. नाव सांगत नाही. त्याला ते आवडणार नाही. विदर्भ एक्स्प्रेसमधून सकाळी उतरून तो आपल्या गावी गेला होता आणि तेथून उलट माझ्याकडे आला होता. बारा वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तो माझ्या वर्गात होता. बाप सुतार. मुलगा सकाळी बापाबरोबर काम उरकून एस.टी. पकडायचा, आणि तासाला हटकून दहा मिनिटे उशिरा यायचा. एकदा तो असाच आला, केसांत लाकडाचा भुसा. मी ‘निबंधातील विशेषणांचा अतिरेक’ या विषयावर रंगात आलो होतो. रंगाचा भंग झाला आणि तोंडातून निघून गेले : “सुतारकीच करायची, तर कॉलेजात कशाला येतोस?” वर्ग हसला. त्या वर्षानंतर तो कॉलेजात दिसला नाही. त्याच्या न येण्याला घरची शंभर कारणे असतील, असे मी स्वतःला अनेक वेळा सांगितले आहे. ज्या अर्थी अनेक वेळा सांगावे लागले, त्या अर्थी काय ते वाचकांनी समजावे.

तो हल्ली अलिबागेकडे असतो. समुद्राच्या काठाने मुंबईच्या धनिकांचे जे बंगले उठले आहेत, त्यांत फर्निचर बसवून देणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो काम करतो. शेवटचे काम कोणत्या बंगल्यावर केले, मालक कोण, हे त्याला ठाऊक नाही. ठेकेदार मालकाला नुसते ‘क्लायंट’ म्हणतो. बंगल्यासमोर अरबी समुद्र पसरलेला आणि समुद्राच्या पुढ्यात पोहण्याचा तलाव. (समुद्राला तोंड करून तलावात पोहणारा मनुष्य नेमका कोणत्या पाण्याचा, असा प्रश्न माझ्या मनात आला, पण मी मध्ये बोललो नाही.) आतले सगळे फर्निचर इटलीहून, मापे पाठवून मुद्दाम करून घेतलेले. आठ महिने लागले. मग लाकडी खोकी आली. प्रत्येक खोक्यावर आकडा, आकड्याप्रमाणे खोली, आणि खोकी उघडताना हजर राहावयाला कंपनीचा एक माणूस, हातांत पांढरे मोजे घातलेला.

“टेबल तीन तुकड्यांत होतं, सर. जोडलं त सांधा दिसे नाई. खोटं काहून बोलू? काम पक्कं. मी बोटानं चाचपून पायलं, मोजेवाल्याची नजर चुकवून. कपाटाची दारं पन अशीच. पन जून लागला, पानी पडलं, आन् सारी दारं फुगली. मोजेवाला इटलीले फोन करून रायला. ठेकेदार मले म्हने, कर काई तरी. मी बाबाचा रंधा काढला न दीड सूत खाली घेतलं. इटलीच्या दारावर मोरगावचा रंधा चालला, सर! मोजेवाल्यानं तोंड फिरवून घेतलं.”

कोकणातला पाऊस आणि खारी हवा लाकडाची परीक्षाच पाहते. लोखंडी खिळा गंजतो, गंजून फुगतो आणि भोवतीच्या लाकडाला घेऊन बसतो. म्हणून समुद्रकाठी पितळी स्क्रू वापरतात. त्या हवेत टिकावे ते सागाने, कारण त्याच्या अंगातच तेल. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाचे ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली बांधले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगते आहे. दोनशे वर्षे ज्या लाकडाने समुद्र सोसला, ते सोडून लोक पातळ फळ्या चिकटवलेली कपाटे का मागवतात, हे त्यांचे त्यांना माहीत.

पण त्याची खरी गोष्ट पुढेच होती.

“शेवटचं खोकं राह्यलं होतं. त्याच्यावर लिवलं होतं, बारा खुर्च्या. उघडलं आन् मी पाहातच रायलो. आत कोनती खुर्ची निघाली, सांगा?”

मी काय सांगणार?

“आपल्या तहसील हापिसातली! सागाचं लाकूड. पाठीले न बसाले विनलेला वेत. बाजूचे पाय असे, उलट्या ‘व्ही’वानी. सर, अशाच दोन खुर्च्या बाबानं सोसायटीसाठी केल्या होत्या, मी लहान होतो तवा. त्या आता मागच्या खोलीत, खताच्या पोत्याखाली. आन् हे इटलीहून बोटीनं आनून रायले!”

तो पोट धरून हसला. मलाही हसू आले. पण येथे माझ्यातला प्राध्यापक जागा झाला, आणि तो एकदा जागा झाला म्हणजे सहजासहजी झोपत नाही. त्या खुर्चीची हकीकत मला ठाऊक होती. फाळणीत लाहोर गेले, पंजाबला राजधानी उरली नाही, आणि चंदीगड वसवावयाचे ठरले. १९५१ साली ल कॉर्ब्युझिए त्यासाठी हिंदुस्थानात आला. त्याचा चुलतभाऊ पिअर जानरे हाही बरोबर आला. आणि मोठा भाऊ येऊनजाऊन राहिला तरी हा मात्र १९६५ पर्यंत येथेच ठाण मांडून बसला. कचेऱ्या उभ्या राहिल्या, न्यायालय उभे राहिले, विद्यापीठ उभे राहिले. पण बसावयाचे कशावर, हा आमच्या घरचाच प्रश्न तेथेही उभा राहिला. तेव्हा जानरे आणि ऊर्मिला युली चौधरी या वास्तुशिल्पी बाई यांनी मंडळींसह साग आणि वेत घेऊन स्वस्त, मजबूत, स्थानिक सुताराला करता येतील अशा खुर्च्या योजल्या. हजारोंनी झाल्या. कारकून त्यांवर बसले, निवृत्त झाले. खुर्च्या मोडक्या ठरल्या, गच्चीवर ढीग लागले आणि भंगाराच्या भावात लिलाव झाले. मग युरोपातले जाणते व्यापारी आले. त्यांनी त्या डागडुजी करून नेल्या, आणि पॅरिस-लंडनच्या लिलावांत एकेका खुर्चीला लाखांनी बोली लागू लागली. २०११ साली आपल्या गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीला आणि निर्यातीला आडकाठी केली. पुढे २०१९ मध्ये इटलीतल्या कासिना या प्रसिद्ध घराण्याने जानरेला मानवंदना म्हणून त्याच घाटाच्या खुर्च्या नव्याने करावयास आरंभ केला. अलिबागेच्या खोक्यातून निघाली ती बहुधा त्यांतलीच, नाही तर तिची कोणी बहीण. हिंदुस्थानी सुताराच्या हातून घडलेली खुर्ची इटलीला जाऊन, नाव कमावून, सासरहून माहेरी यावी तशी खोक्यात बसून परत आली होती.

“म्हनजे इटलीवाले चोर नाई ना जी?” त्याने विचारले. त्यांचे काम त्याने बोटांनी चाचपले होते, त्यामुळे त्यांना चोर म्हणावयास तो तयार नव्हता.

चोर मुळीच नव्हेत, हे मी त्याला सांगितले. इटलीचे हे फर्निचर ज्या भागातून येते तो ब्रिआंझा म्हणजे मिलान आणि कोमो यांच्या मधला मुलूख. मेदा, कांतू, लिसोने अशी त्यातली गावे. पिढ्यानपिढ्या तेथे बाप-लेकांच्या सुतारशाळा चालत आल्या. कोणी फक्त पाय करील, कोणी फक्त गादी भरील, कोणी फक्त रंग देईल. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्या वास्तुशिल्पींनी कागदावर चित्रे काढली आणि या सुतारांपुढे टाकली. सुतार म्हणे, हे असे होणार नाही. शिल्पी म्हणे, का होणार नाही? या भांडणातून जे निघाले त्याला जग इटालियन फर्निचर म्हणू लागले.

त्यांतला एक शिल्पी मला फार आवडतो, आणि त्याचे कारण व्याकरणाचे आहे. त्याचे नाव जिओ पोन्ती. लिगुरिया प्रांतात कियाव्हरी म्हणून समुद्रकाठचे एक गाव आहे. तेथे देस्काल्झी नावाच्या सुताराने १८०७ साली एक हलकी, सडपातळ खुर्ची घडवली, आणि गावोगावच्या सुतारांनी ती उचलली. दीडशे वर्षांनी पोन्ती त्याच खुर्चीपाशी आला. तिच्यातून आणखी काय काढून टाकता येईल, याचा तो वर्षानुवर्षे विचार करीत राहिला. १९५७ साली कासिनाच्या मेदा येथील कारखान्यातून जी खुर्ची बाहेर पडली तिचे वजन एक किलो सातशे ग्रॅम. लहान मूल एका बोटाने उचलील अशी. पायांची जाडी १८ मिलिमीटर, तीही गोल किंवा चौकोनी नव्हे, त्रिकोणी. आणि बैठक वेताची. या वेताला इटालियन भाषेत म्हणतातच ‘हिंदुस्थानचा बोरू’! आपल्या मासिकात पोन्तीने १९५२ साली लेख लिहिला, त्याचे शीर्षक होते ‘विशेषणांविना’. खुर्ची ही नुसती खुर्ची असावी, असा त्याचा आग्रह. मी वीस वर्षे पोरांच्या निबंधांतली विशेषणे तांबड्या शाईने खोडीत आलो. पण हे तत्त्व खुर्चीलाही लागू पडते, हे मला मिलानच्या माणसाने शिकवावे लागले. आणि ते शिकूनसुद्धा, तीन विशेषणांच्या सोफ्याला मी पाच हजार रुपये देऊन बसलो होतो ते निराळेच.

सौ.ने चिवडा आणून ठेवला. चिवडा खाता खाता त्याने विचारले, “पन सर, इतक्या दुरून फर्निचर बनवून आनाचं खूळ आपल्या मराठी मानसाले कधी होतं का?”

होते. आणि असे तसे नव्हे!

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रासाठी मी इंदूरला गेलो होतो. दुपारचे सत्र चुकवून (वक्ते प्राध्यापक असले म्हणजे श्रोत्यांतील प्राध्यापकांना हे सुचतेच) रिक्षाने माणिकबागेच्या फाटकापर्यंत गेलो. तेथे आज केंद्रीय कर खात्याची कचेरी आहे. माझ्या पगारात त्या खात्याने आत बोलवावे असे काही नाही, म्हणून बाहेरूनच पाहून परतलो. इमारत बाहेरून साधी, पांढरी. पण १९३३ साली ती पुरी झाली तेव्हा तिच्या आत जे होते, ते साऱ्या आशिया खंडात क्वचितच कोठे असेल.

महाराज यशवंतराव होळकर दुसरे. जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव यांनी १९२६ साली गादी सोडल्याने सतरा वर्षांचा मुलगा राजा झाला. ऑक्सफर्डला शिकत असता त्यांची एकार्ट मुथेसिउस या जर्मन तरुणाशी गाठ पडली. वास्तुशिल्पाचा धंदा त्याच्या घरातलाच, पण वय अवघे पंचविशीचे. या पोरसवदा शिल्पीवर तशाच पोरसवदा राजाने आपल्या राहत्या महालाचे काम सोपवले. १९३० साली काम सुरू झाले. बर्लिनमध्ये आराखडे निघाले. दारे, दिवे, खुर्च्या तिकडे घडल्या आणि बोटीने मुंबईला, तेथून रेल्वेने इंदूरला आल्या. वाचनालयात दोन तांबड्या खुर्च्या होत्या, त्यांच्या पाठीतच वाचण्याचे दिवे बसवलेले. पॅरिसहून र्‍यूलमानचे काळ्या शिसवी लाकडाचे लिहिण्याचे टेबल आले. लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स या जोडीने धातू आणि काच यांचे पलंग केले. कॉर्ब्युझिए, पेरियाँ आणि जानरे यांनी योजिलेली लांबलचक आरामखुर्ची आली, तिच्यावर बिबळ्याचे कातडे. हा जानरे म्हणजे चंदीगडचाच जानरे, बरे का. त्याची खुर्ची त्याच्याआधी वीस वर्षे हिंदुस्थानात येऊन पोचली होती.

आणि आली इलीन ग्रे या आयरिश बाईंची ‘ट्रान्सॅट’ खुर्ची. बोटीच्या डेकवर प्रवासी पसरतात त्या खुर्चीवरून हिचा घाट घेतलेला. या बाईंनी १९२६ ते २९ या काळात फ्रान्सच्या दक्षिणेस, इटलीच्या हद्दीजवळ, समुद्राच्या कडेला खडकावर एक छोटे घर बांधले आणि त्यातली वस्तू न वस्तू त्या घरासाठी म्हणून योजली. घराचे नाव ई-१०२७. हे कोडे आहे : ई म्हणजे इलीन, रोमन लिपीतले दहावे अक्षर जे, दुसरे बी, सातवे जी, म्हणजे जाँ बादोव्हिची या मित्राची आद्याक्षरे आपल्या नावाच्या कुशीत घेतलेली. बहिणीला अंथरुणात बसून न्याहारी करावयाची सवय, म्हणून तिच्यासाठी वरखाली होणारे एक गोल टेबल बाईंनी केले असे सांगतात. समुद्रकाठच्या घरासाठी करून घेतलेल्या फर्निचरचा याहून चांगला मासला मला ठाऊक नाही. अलिबागेच्या खोक्यांवर खोल्यांचे आकडे होते. येथे टेबलावर बहिणीची सवय होती.

हे सगळे मी सांगत असता पोरगा चिवडा खावयाचा थांबला होता. “मंग त्या महालाचं काय झालं?” त्याने विचारले.

काय व्हावयाचे? महाराणी संयोगितादेवी, कागलच्या घाटग्यांची लेक, १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, ऐन तारुण्यात. ब्रांकुसी या शिल्पकाराकडून महाराजांनी आकाशात झेपावणारे तीन पक्षी घेतले होते, एक कांशाचा, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर व्हावयाचे होते. ब्रांकुसी त्यासाठी १९३८ च्या सुरुवातीस इंदूरला येऊन गेला. मंदिर झाले नाही. पांढरा आणि काळा पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याच्या संग्रहालयात आहेत. संस्थान विलीन झाले. १९६१ साली महाराज मुंबईत निवर्तले. आणि २५ मे १९८० रोजी माणिकबागेचे फर्निचर लिलावात निघाले. तो लिलाव झाला कोठे म्हणाल, तर मोनॅकोत. इलीन ग्रे यांच्या त्या खडकावरल्या घरापासून हाकेच्या अंतरावर. समुद्रावरून निघालेले सामान माळव्यात पन्नास वर्षे काढून पुन्हा त्याच समुद्रावर जाऊन उतरले. २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयाने त्याचे मोठे प्रदर्शन भरवले. ज्या मराठी राजाने ते करून घेतले त्याच्या प्रजेच्या नातवंडांना ते पाहावयाचे असेल, तर पासपोर्ट काढावा लागतो.

मला वाटले, पोरगा हळहळेल. पण त्याचे लक्ष दुसरीकडेच होते.

“सर, तुमी इतकी नावं सांगतली. चित्रं काढनाऱ्याची, विकत घेनाऱ्याची, लिलाववाल्याची. बनवनाऱ्याचं एक बी नाव नाई सांगतलं.”

मी गप्प बसलो. चंदीगडच्या हजारो खुर्च्या ज्यांनी तासल्या, त्यांतल्या एकाचेही नाव मला येत नव्हते. इतके कशाला, वडिलांची खुर्ची करणाऱ्या सुताराचे नावही मला आठवेना. तो म्हणाला, “खुर्ची दाखवा.”

आत नेले. त्याने ती उलटी केली, खालून दिवा धरला. लोखंडाचा खिळा एक नाही. एका लाकडाला खाच आणि दुसऱ्याला तीत घट्ट बसणारे कूस, आणि वरून बांबूची मेख. तो मेखेवर बोट फिरवीत राहिला. मग हळूच म्हणाला, “ही त आमच्या बाबाची मेख हाय. तिरपी मारते तो. दुसरा कोनी तिरपी मारत नाई.”

बाप हल्ली काम करीत नाही. डोळे गेले आहेत. आणि डोळे चांगले असते तरी काम कोठे आहे? आमच्या जिल्ह्याच्या जंगलात साग उभा आहे, बिजा आहे. पण सरकारी डेपोत लाकूड लॉटने विकले जाते, आणि एका खुर्चीपुरते लाकूड हवे असलेल्या सुताराला लॉट घेऊन भागत नाही. निस्ताराचे जुने दिवस गेले. गावात लग्न ठरले की दिवाण आणि कपाट दुकानातून येते, भुशाच्या फळीचे, वर चकचकीत कागद. दोन पावसाळ्यांत ते पोटफुगीने मरते. म्हणून पोरगा अलिबागेला. पण आता त्याला परत यावयाचे होते, आणि त्यासाठीच तो माझ्याकडे आला होता. नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून तो थोडा साग मिळवणार होता. बापाची जागा आहे, हत्यारे आहेत.

“पयली ऑर्डर तुमी द्या, सर. तुमच्या घरी लोक येतात, कालेजातले, मंडईचे. पाहातील.” मग जरा थांबून म्हणाला, “तुमी मले म्हटलं होतं ना, सुतारकीच कराची त कालेजात कशाले येतेस. मी लई विचार केला त्याच्यावर. उत्तर नाई सापडलं. पन सुतारकी सापडली.”

तो हे रागाने बोलला असता तर बरे झाले असते. मी काही तरी पुटपुटलो. क्षमा मागण्याचे मराठी मला चांगले येते, पण ते वर्गात शिकवावयाचे असते. मग मी त्याला सोफ्याची आणि दिलेल्या आगाऊ रकमेची हकीकत सांगितली. आकडा ऐकून तो काही बोलला नाही. खिशातून टेप काढला, माझ्या टेबलावरचा जुना हजेरीचा कागद उलटा केला आणि म्हणाला, “खुर्ची कोनासाठी?”

“माझ्यासाठी,” मी म्हणालो. “म्हणजे, घरासाठी.”

“घर नाई बसत जी. बसनाऱ्याचं माप पायजे.”

या वेळी सौ. चहाच्या कपबशा उचलावयास आली होती. ती उभ्याउभ्याच म्हणाली, “माझं घे.” आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, “बाबांच्या खुर्चीत माझे पाय जमिनीला लागत नाहीत. लोंबकळत राहतात. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले की गुडघे भरून येतात. एकोणीस वर्षं मी या घरात एक तर उभी असते नाही तर ओट्याखालच्या पाटावर. दुकानातल्या त्या सोफ्यावरही बसून पाहिलं. त्यातून उठायला हात द्यावा लागतो.”

“मग सोफा घे म्हणून का म्हणालीस?” मी विचारले.

“पाहुण्यांसाठी,” ती म्हणाली.

पोराने तिला वडिलांच्या खुर्चीच्या कडेवर बसवले, पायांखाली मराठी विश्वकोशाचा एक खंड सरकवला. तो पुरेना म्हणून दुसरा सरकवला. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत माप घेतले. गुडघ्यापासून कमरेपर्यंत घेतले. कोपर वाकवावयास सांगून हाताची उंची घेतली. मग म्हणाला, “काकू, उठा. पुन्हा बसा. पुन्हा उठा.” ती तीन वेळा उठली, तीन वेळा बसली. उठताना ती उजव्या हाताने जोर देते, डाव्याने नाही, हे त्याने पाहिले आणि लिहून घेतले. मी तिच्याबरोबर एकोणीस वर्षे राहतो.

“वेत की नवार?” त्याने विचारले.

“धुता आलं पाहिजे,” सौ. म्हणाली.

“मंग नवार.”

हजेरीच्या कागदावर एका बाजूला माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाची नावे होती. दुसऱ्या बाजूला त्याने लिहिले : बैठक सव्वापंधरा इंच, उजवा हात जाड. मी विचारले की पैसे किती. तो म्हणाला, लाकूड पाहून सांगतो. आणि सोफ्याचे पाच हजार परत मिळाले तर बरे, नाही मिळाले तर तोही ठेवा, मंडईच्या पाहुण्यांना कशावर तरी बसवावेच लागेल. तेवढ्यात त्याच्या गावाकडच्या शेवटच्या बसची वेळ झाली. जाताना त्याने वडिलांची खुर्ची पुन्हा उलटी केली, मोबाइलवर त्या तिरप्या मेखेचा फोटो काढला आणि म्हणाला, “बाबाले दाखवता नाई येनार. पन सांगतो त्याले.”

त्याच्या बापाचे नाव मी तेव्हा विचारून घेतले. खुर्चीच्या खाली, मेखेजवळ, पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.